दास्य, वेठ आणि साल

राजा हरिश्चंद्राचे आख्यान ज्याने ऐकले नाही असा मनुष्य आपल्या खानदेशात विरळाच. विश्वामित्राच्या दक्षिणेचे ऋण फेडण्यासाठी राजाने काशीच्या बाजारात प्रथम तारामतीस व रोहिदासास विकले आणि मग स्वतःस डोंबाच्या स्वाधीन केले, हा प्रसंग आला की कीर्तनास बसलेल्या स्त्रीपुरुषांचे डोळे पाणावतात. राजाच्या सत्यनिष्ठेने आपण इतके भारावून जातो की त्या कथेतील एक साधी व्यवहाराची गोष्ट ध्यानातून निसटते. राजास कोणी रणांगणावर जिंकून बेड्या घातल्या नव्हत्या. तो दास झाला तो ऋणामुळे. आणि ऋण त्याचे असता प्रथम विकली गेली ती बायको व पोर. दास्याचा जो प्रकार आपल्या देशात सर्वांत जुना व सर्वांत चिवट ठरला, त्याचे हे नेमके चित्र होय.

प्रस्तुत लेखकाने कित्येक वर्षे शाळेत इतिहास शिकविला. गुलामगिरीचा धडा आला म्हणजे आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून निघालेली जहाजे, अमेरिकेतील कापसाचे मळे, अब्राहम लिंकन आणि १८६५ सालची घटनादुरुस्ती एवढे सांगून झाले की धडा संपत असे. मुले फार तन्मयतेने ऐकत, कारण गोष्ट दूरची होती. परंतु भाषा मनुष्याचे पितळ उघडे पाडते. आपल्या मराठीत या एका अवस्थेला किती शब्द आहेत पाहा : दास, बटीक, कुणबीण, बंदा, गुलाम, वेठ्या, बिगारी. 'गुलाम' हा अरबी शब्द. त्याचा मूळ अर्थ केवळ 'मुलगा' असा आहे. 'बिगार' फारसीतून आला. 'वेठ' मात्र आपलीच. संस्कृतातील 'विष्टि' या शब्दाचे ते रूप होय. ज्या वस्तूला इतकी नावे, ती वस्तू घरात नव्हती असे कसे म्हणावे ?

धर्मशास्त्रकारांनीही ती लपविलेली नाही. मनुस्मृतीत दासांचे सात प्रकार सांगितले आहेत, तर नारदस्मृतीत ते पंधरा झाले आहेत. त्या पंधरांत युद्धात जिंकलेला व विकत घेतलेला तर आहेच. पण दुष्काळात ज्याला अन्न घालून जगविले तो, जो गहाण ठेवला गेला तो, आणि मोठ्या ऋणातून ज्याला सोडविले तो, असेही दास आहेत. कौटिल्याने गहाण पडलेल्या माणसांसाठी काही मर्यादा घालून दिल्या. त्यांच्याकडून प्रेत उचलून घेणे, मैला काढविणे किंवा गहाण असलेल्या स्त्रीची अब्रू घेणे असे घडले तर धन्याने आपली रक्कम गमावली असे त्याने लिहून ठेवले. दोन हजार वर्षांपूर्वी असा नियम करावा लागला, याचा अर्थ तसे घडत होते.

पेशवाईच्या काळातील कागदपत्रांत कुणबिणींच्या खरेदीविक्रीच्या व मुक्ततेच्या नोंदी आढळतात. सातपुड्यापलीकडील माळव्यासंबंधी जॉन माल्कम याने १८२३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथातही तेथील दास्यात बहुतांशी स्त्रियाच होत्या असे नमूद आहे. खानदेशची त्या काळची अवस्था वाचकांस ठाऊकच असेल. १८०२ साली होळकरांच्या फौजांनी हा प्रांत लुटला आणि लगेच १८०३-०४ चा भीषण दुष्काळ आला. गावेच्या गावे उजाड झाली. १८१८ मध्ये इंग्रजांचा अंमल बसला, तेव्हा अशा प्रांतात दोन वेळच्या भाकरीसाठी कोणी कोणाच्या दारी आयुष्य बांधून दिले असेल, त्याची गणना कोणी ठेवली नाही. नारदाने सांगितलेला दुष्काळदास तेवढा आठवतो.

आता कायद्याची गोष्ट थोडी बारकाईने पाहू, कारण येथेच पुष्कळांचा गैरसमज आहे. इंग्रज पार्लमेंटाने १८३३ साली आपल्या वसाहतींतील गुलामगिरी बंद केली, पण ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख त्यातून वगळला. हिंदुस्थानासाठी १८४३ चा पाचवा कायदा झाला. त्याने धन्यास शिक्षा सांगितली नाही. अमुक माणूस माझ्या मालकीचा आहे ही फिर्याद कोर्टाने ऐकू नये, एवढेच त्याने ठरविले. पुढे १८६० च्या दंडसंहितेने माणसाची खरेदीविक्री हा गुन्हा केला. येथवर ठीक. परंतु त्याच सुमारास, १८५९ मध्ये, दुसरा एक कायदा झाला. कामासाठी आगाऊ रक्कम घेऊन जो कामगार काम सोडून जाईल, त्याला मॅजिस्ट्रेटपुढे उभे करून कामावर परत धाडता येईल, अथवा तुरुंगात टाकता येईल, असे त्यात होते. हा कायदा १९२५ साली रद्द होईपर्यंत सहासष्ट वर्षे पुस्तकात राहिला. म्हणजे, हा माझा गुलाम आहे असे म्हणणाऱ्याला कोर्टाने दार लावले, आणि याने माझी उचल घेतली आहे असे म्हणणाऱ्याला तेच दार उघडे ठेवले. शहाण्या धन्याला इशारा पुरेसा होता. बेडी गेली आणि खातेवही आली.

याच काळात समुद्रापलीकडेही असेच चालले होते. मॉरिशस बेटावर १८३५ साली गुलाम मुक्त झाले आणि उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर नेण्यास आरंभ झाला. मुंबई बंदरातून कोकण व सातारा या भागांतील आपली मराठी माणसेही तेथे गेली. त्यांचे वंशज आज त्या देशात मराठी सण पाळून आहेत. कराराचे 'गिरमिट' झाले व माणसे 'गिरमिटिये' झाली. करारावर अंगठा त्यांचाच होता, पण मुदत संपेपर्यंत मळा सोडण्याची मुभा त्यांस नव्हती. १९१७ साली ही भरती थांबली.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक प्रसिद्ध केले व ते अमेरिकेतील निग्रो गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या तेथील सदाचारी लोकांना अर्पण केले. पुण्यात बसून त्यांना अमेरिका दिसली याचे आपण कौतुक करतो. वस्तुतः त्यांनी अमेरिकेकडे बोट दाखविले ते आपल्याच घराकडे वळविण्यासाठी. जन्माने लादलेली वेठ कशी असते, याचे उदाहरण म्हणून महार वतनाकडे पाहावे. सरकारी व गावकीच्या कामासाठी दिवसरात्र हाकेवर राहावे आणि मोबदला म्हणून तुटपुंजी जमीन व बलुते घ्यावे, अशी ती व्यवस्था. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या कायद्याला दुरुस्ती सुचविली. प्रत्यक्ष वतने गेली ती १९५८ च्या कायद्याने, १९५९ मध्ये. तोवर घटनेतील तेविसाव्या कलमाने वेठ निषिद्ध होऊन नऊ वर्षे लोटली होती.

असो. आता आपल्या अंगणात येऊ.

आपल्या ज्ञातीतील बहुतेक घरे शेतीवर वाढली. आपले आजे-पणजे सावकाराच्या वहीत होते, हे आपण विसरता कामा नये. १८७५ साली पुणे व नगर जिल्ह्यांत कुणब्यांनी सावकारांची खतपत्रे हिसकावून जाळली, आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. कर्जाच्या कागदाने पिढीजात माणूस कसा बांधला जातो, हे आपल्या पूर्वजांस कोणी पुस्तकातून शिकविण्याची गरज नव्हती. पुढे सहकारी सोसायट्या आल्या, विहिरी झाल्या, पाट आले, पांझरेवर लाटीपाड्याचे धरण झाले, कांद्याने व उसाने चार पैसे दिले. आपण वहीतून सुटलो. पण आपण सुटल्यावर ती वही कोणाच्या नावाने चालू राहिली ?

मुंबई इलाख्याच्या जुन्या जिल्हा गॅझेटियरांत श्रम गहाण ठेवण्याची चाल नोंदलेली आहे. लग्नाच्या खर्चासाठी रक्कम घ्यावी आणि ती फिटेपर्यंत काही वर्षे धन्याकडे राबावे, अशी ती चाल. ठाणे जिल्ह्यात अशा माणसाला 'लग्नगडी' म्हणत. त्याच्याबरोबर त्याची नवी नवरीही धन्याच्या कामाला लागे. दक्षिण गुजरातेत त्याला 'हाली' म्हणत. आपल्याकडे 'सालदार' म्हणतात.

सालदारीची रीत ज्ञातिबांधवांना सांगावयास नको. पण पुढच्या पिढीची मुले नाशिक-पुण्यास वाढत आहेत, त्यांच्यासाठी लिहितो. आपल्या खानदेशात सालदाराचे वर्ष आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला सुरू होते. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, घरोघरी सांजोऱ्या तळल्या जातात. त्याच दिवशी ओट्यावर बसून साल ठरते. इतके रोख, इतके धान्य, घोंगडी, वहाणा. त्यातील काही रक्कम त्याच दिवशी उचल म्हणून दिली जाते, कारण भिल्लाच्या किंवा कोकण्याच्या घरी चैत्र-वैशाखात धान्य नसते आणि लग्ने याच दिवसांत असतात. पहाटे बैलांना वैरण घालण्यापासून रात्री पिकाच्या राखणीपर्यंत काम. आजारी पडला तर खाडा, लेकीच्या सोयरिकीला गेला तर खाडा. खाड्याचे पैसे कापून वर्षअखेरीस हिशेब होतो. पुष्कळदा असे होते की वर्षभर राबून सालदाराकडेच बाकी निघते, आणि ती बाकी पुढच्या सालावर चढते. त्याची बायको सकाळी गोठ्यातील शेण काढून अंगण झाडून जाते, ती कोणत्याच हिशेबात नसते. पोरगा दहा वर्षांचा झाला की गुरांमागे जातो. आणि सालदार थकला किंवा मेला तर? "बापाचे देणे आहे," असे त्या पोराला सांगितले जाते.

येथे एक आठवण सांगावीशी वाटते. सातवीच्या वर्गात सरळव्याजाची उदाहरणे चालू असता, भिल्लवस्तीतील एका मुलाने आपल्या बापाची उचल फळ्यावर मांडून दाखविण्याची विनंती केली. आकडे त्याला तोंडपाठ होते. मुद्दल, खाडे, औषधाला घेतलेले पन्नास, दिवाळीला घेतलेले शंभर. आम्ही कसेही गणित केले तरी धन्याने सांगितलेली बाकी काही येईना. निम्म्याहून कमी येई. मुलगा म्हणाला, "गुरुजी, तुमचं गणित पुस्तकातलं आहे." पुढच्या वर्षी तो शाळेत आला नाही.

सगळेच धनी असे वागत, असे म्हणणे अन्यायाचे होईल. सालदाराच्या मुलीचे लग्न स्वतःच्या दारी लावून देणारी, त्याला पंक्तीला बसविणारी घरे आपल्यात होती व आहेत. परंतु प्रश्न धन्याच्या दयाळूपणाचा नाही. दयाळू धन्याचाही दास दासच असतो. आपल्याला कसोटी हवी, आणि ती सोपी आहे : हा मनुष्य उद्या सकाळी "मी जातो" म्हणाला, तर जाऊ शकेल काय? देणे असेल ते देणे म्हणून राहील, पण त्याचे पाय मोकळे आहेत काय? राष्ट्रसंघाने १९२६ साली दास्याची व्याख्या मालकीच्या अधिकारांवरून केली. नंतर १९५६ च्या करारात संयुक्त राष्ट्रांना ऋणदास्य निराळे नाव घेऊन घालावे लागले. मालकीचा कागद नसतानाही माणूस कसा धरून ठेवता येतो, हे तोवर जगाच्या लक्षात आले होते.

याविरुद्ध आवाज प्रथम ज्यांच्या पायात दोरी होती त्यांनीच उठविला. ठाणे जिल्ह्यात १९४५ साली गोदावरी परुळेकर व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारली उभे राहिले, वेठ करणार नाही म्हणाले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात तलवाड्याला पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. आपल्या जुन्या धुळे जिल्ह्यात हे लोण १९७१-७२ साली आले. शहादे-तळोदे भागात पाटीलवाडीचे प्रकरण घडले. अंबरसिंग सुरतवंती, ज्यांना लोक अंबरसिंग महाराज म्हणत, त्यांनी भिल्लांना संघटित केले. १९७२ मध्ये श्रमिक संघटना स्थापन झाली. गमावलेल्या जमिनी, मजुरी आणि सालदारांची स्थिती हे तिचे प्रश्न होते. त्या काळी आपल्यातील पुष्कळांनी या चळवळीस दंगेखोरी म्हटले. तिचे सर्वच मार्ग पटावेत असा आग्रह नाही. पण आदिवासींच्या जमिनी परत देण्याचा राज्याचा कायदा १९७४ साली झाला, त्यामागे कोणाचा आवाज होता, हे इतिहास म्हणून तरी मान्य केले पाहिजे.

मग आला वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा. ऑक्टोबर १९७५ मध्ये वटहुकूम निघाला आणि १९७६ साली त्याचा कायदा झाला. वेठीचे सारे कर्ज त्याने एका फटक्यात नष्ट केले. बापाचे देणे मुलाच्या डोक्यावर घालणे बेकायदा ठरविले. तीन वर्षांपर्यंत कैद व दोन हजार रुपयांपर्यंत दंड सांगितला. विशेष म्हणजे, हे कर्ज वेठीचे नव्हे हे सिद्ध करण्याचा भार धन्यावर टाकला. त्या कायद्यात देशभरातील वेठीची तीसएक नावे दिली आहेत. त्यात 'हाली' आहे, 'वेट्टी' आहे, 'सालदार' नाही. हा दाखला देऊन आपले काही बांधव निश्चिंत होतात. पण ती यादी केवळ उदाहरणादाखल आहे. कायदा नाव पाहत नाही, बंधन पाहतो. १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, दिल्लीतील आशियाई खेळांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात, याहून पुढे जाऊन सांगितले की ज्याला किमान वेतनाहून कमी दिले जाते त्याचे श्रमही सक्तीचेच होत, कारण भूक हीसुद्धा सक्तीच आहे.

कोणी म्हणेल, गुरुजी, आता सालदार मिळतो कोठे? लाख-दीड लाख द्या म्हणतो, मोबाइल वाजला की उठून जातो; आता तोच धनी झाला. या तक्रारीत तथ्य आहे, आणि खरे पाहता ही आनंदाची वार्ता आहे. जो उठून जाऊ शकतो तो मोकळा मनुष्य. पण तो उठून कोठे जातो, तेही पाहू या.

दिवाळी झाली की पिंपळनेरच्या आसपासच्या पाड्यांवर कुलुपे लागतात. ट्रक भरून माणसे घाट उतरून गुजरातेत, बारडोलीकडे ऊस तोडण्यास जातात. तेथे त्यांना 'खानदेशी' म्हणूनच ओळखतात. मुकादम पावसाळ्यातच उचल देऊन ठेवतो, म्हणजे पुन्हा घरात धान्य नसते तेव्हाच. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. माणसाची गणती हत्याराने होते, याचे आपल्याला काही वाटेनासे झाले आहे. हंगाम संपला आणि उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर. वही तीच, फक्त ओट्यावरून मुकादमाच्या खिशात गेली. ज्या बारडोलीने १९२८ साली शेतकऱ्याला ताठ मानेने सारा नाकारण्यास शिकविले, आणि जेथील हालींना गांधीजींनी 'हळपती' हे सन्मानाचे नाव दिले, तेथेच हे घडावे यास काय म्हणावे! आपल्या राज्यातही निराळे नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या शस्त्रक्रियांची २०१९ साली शासनाच्या समितीने चौकशी केली, तेव्हा तपासलेल्या सुमारे ८२,००० स्त्रियांपैकी १३,००० हून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढले गेल्याचे आढळले. खाडा परवडत नाही म्हणून.

आणि २०२२ साली, येथून फार दूर नसलेल्या इगतपुरी तालुक्यात, काही हजार रुपये आणि एक मेंढी देऊन कातकऱ्यांची लहान मुले मेंढ्या राखण्यास नेली गेल्याचे उघडकीस आले. एका दहा वर्षांच्या मुलीचा अंत झाला, तेव्हा कोठे ते उघडकीस आले. रोहिदासाला काशीच्या बाजारात किती मोल पडले, हे आख्यानात कोणी सांगत नाही.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने इतर संस्थांबरोबर २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार, २०२१ साली जगात सुमारे पाच कोटी माणसे दास्याच्या कोणत्या ना कोणत्या प्रकारात होती. त्यांपैकी पावणेतीन कोटींहून अधिक सक्तीच्या श्रमात, तर उरलेली सक्तीच्या विवाहात. आखाती देशांत जाणाऱ्या मजुराचा पासपोर्ट मालक ठेवून घेतो, तोही याच जातीचा प्रकार. पण पाच कोटी ही संख्या मनात मावत नाही. पाड्यावरील कुलूप दिसते.

म्हणून मंडळाच्या पुढील वार्षिक सभेपुढे एक सूचना ठेवीत आहे. मंडळ विवाहपत्रिका व जमाखर्चाची पुस्तके छापते, तशीच सालदाराच्या हिशेबाची एक छोटी वही छापून घ्यावी. तिच्या दोन प्रती असाव्यात. एक धन्याकडे, एक सालदाराकडे. उचल, खाडा, दिलेले धान्य त्याच दिवशी दोन्हींत लिहावे. घरातील स्त्रीने किंवा मुलाने काम केले तर त्याची मजुरी स्वतंत्र रकान्यात घालावी. व्याजाचा रकाना वहीत ठेवू नये, आणि मागील बाकीचाही ठेवू नये. सालदारास वाचता येत नसेल तर त्याचा शाळेत जाणारा मुलगा वाचून दाखवील. छपाईचा खर्च फार नाही. आखाजीच्या आठ दिवस आधी वह्या तयार असल्यास बरे. साल त्या दिवशी ठरते.